आईला दारातून बाजूला व्हायला शिकवताना

४ फेब्रु., मंगळ.
हॉस्पिटलात ट्रेनिंग. डोळ्यांवर व्हीआरचा जाड चष्मा चढवला की समोर खोटा वॉर्ड, आणि पेशंट थेट अंगावर येतो. मी सवयीनं ओरडले, "मामा, धरा याला!" चष्म्यात कुठले आलेत वॉर्डातले मामा? बाकीच्या सिस्टर पोट धरून हसल्या. सर म्हणाले, "तुम्ही दार अडवून उभ्या आहात. घाबरलेल्या माणसाला आधी दार दिसू द्या." नापास!

५ फेब्रु., बुध.
आज बाजूला सरकले, हात खाली, आवाज हळू. पेशंट बसला. पास. पण आनंद कसला. झरीहून दादाचा फोन, आबांनी आईवर परत हात उचलला. वर्ष झालं, स्मृतिभ्रंशामुळं आई त्यांना घरात शिरलेली परकी बाई वाटते. दादा म्हणतो, आबांना नांदेडच्या संस्थेत ठेवू. रविवारी ठरवायचं. मला नाही ठेवायचं. पण आईनं तरी किती मार खायचा...

८ फेब्रु., शनि.
झरी. संध्याकाळी आबा शेताकडं निघाले. आईनं कडी लावली, दाराला पाठ लावून उभी. "कुटं जायलाव? बसा की!" आबांनी काठी उगारली. दादा धरायला धावला.
"धरू नको दादा! आई, कडी काढ. बाजूला हो."
"अगं, जातील की कुटंबी!"
"जाऊ दे. मी हाय संगं."
दार उघडलं, काठी खाली आली. पारापर्यंत आबा आणि मी चाललो. "तुमी कोणाच्या वो, बाई?" म्हणाले. परत येताना हात धरू दिला.

९ फेब्रु., रवि.
दादा म्हणाला, "तू परभणीला गेल्यावर काय?" बरोबरच आहे त्याचं.
आई म्हणाली, "मला शिकव."
मग मीच आबा झाले. त्यांचं उपरणं, त्यांची काठी. आई पदरात तोंड घालून हसायची, आणि दर वेळी दारातच जाऊन उभी राहायची. शेवटी मी चिडून काठी उगारली. आबा बाजेवरून बघत होते. उठले आणि आईच्या पुढं येऊन उभे राहिले.
"ए पोरी, काठी खाली कर. माजी बायको हाय ती."
मी काठी खाली केली. दादा तोंड फिरवून बाहेर गेला. येऊन म्हणाला, "महिनाभर घरीच ठेवून बघू."

१० फेब्रु., सोम.
ड्यूटी. दुपारी आईचा फोन. "आज न्हाई वळखलं गं. पण कडी काढली म्या."
"मग?"
"मग काय, मी बी गेले संगं. लय भरभर चालतेत."