पोरांनी दुरुस्त केलेला गोंधळ

चि. चंदर,

तुझ्या थोरल्या बहिणीचे, तुळशीबायचे पोटभर आशीर्वाद. गुडघा कसा आहे? मागे चष्मा आमच्या ओटीवर विसरलास आणि चार दिवसांनी मलाच फोन, "बाय, मी चष्मा लावायचो का गं?" तेव्हा हे पत्र तुझ्या नातीकडून, केसरकडून मोठ्याने वाचून घे. मध्ये डुलकी काढू नकोस.

मी ठणठणीत आहे, पण नातीच्या कालेजाने जीव नकोसा केलाय. (भाविकाच लिहून घेतेय. तोंड वाकडं करतेय. लिही गं, सांगते तस्संच.) ती विजेचे इंजिनेर होणाऱ्या पोरांना गोंधळ शिकवते. खरंच, पगार घेऊन! सुरुवातीला केसाएवढा फरक पडला की पुढे काय होईल कुणी सांगावं, असला विषय. (होडीवाल्यांच्या घरात ह्याला फळा लागतो का?) त्यासाठी दोन महिने खपून तिने एक सर्किट बांधलं. पडद्यावर उजेडाची रेघ फुलपाखरासारखे दोन पंख काढत भिरभिरायची, पण गेल्या वाटेने पुन्हा म्हणून जायची नाही. सोमवारी प्राचार्य बघणार होते. पटलं तर विषय राहणार, नाही तर विषय बंद, आणि भाविका पहिल्या वर्षाला पट्टी-पेन्सिल शिकवणार.

रविवारी तिचे सहा विद्यार्थी तयारीला घरी आले. ती साखर आणायला गेली, तेवढ्यात त्या शहाण्यांना भिरभिरणारी रेघ दिसली. तीन वर्षं एकच शिकलेत, वीज हलली की धरून बसवायची. निकेश म्हणाला, "मॅडमचं बिघडलंय यार, करून टाकू." हेतल म्हणाली, "सरप्राइज देऊ." झालं! जुना भाग काढून फेकला, स्वतःचा चांगला बसवला. सोमवारी बटण दाबलं तर पडद्यावर गोल बांगडी, हलेना की डुलेना. भाविकाला घाम फुटलाय आणि मागे ही गाढवं टाळ्या वाजवतायत! प्राचार्य म्हणाले, "छान स्थिर आहे की. गोंधळ कुठाय?" आता शुक्रवारी शेवटची संधी, आणि तो भाग मिळायला पंधरा दिवस.

ता. क. तू होड्यांचा सुतार. दोन लाकडी दांड्या एकीखाली एक बिजागरीने जोडून गुरुवारच्या आत पाठव. ढकलल्या की वाटेल तशा हेलपाटतात, तोही गोंधळच म्हणे. लाकडाला वायर नसते, पोरांचा हात पोचणार नाही.

(मामाआजोबा, हे मी हळूच घालतेय. पोरं निरपराध आहेत. आजीच त्यांना म्हणाली, "एवढे शिकलेले घोडे, माझ्या नातीची एक रेघ जागेवर बसवता येईना?" वाचून दाखवताना ही ओळ मी गाळणार आहे. दांड्या मात्र खरंच पाठवा. भाविका.)

ता. क. दुसरा. पोरगी मला न विचारता मध्येच बरंच लिहीत होती. माझं कौतुक असेल. दांड्यांबरोबर सुके बोंबील पाठव, प्राचार्यांना चटणी द्यायचीय. कडक वाळलेलेच हवेत. उन्हाचा भरवसा नाही, हे मला सांगू नकोस.