दहा लाख एकला भाग गेला त्याची हकीकत

लालबाग, बुऱ्हाणपूर
८ नोव्हेंबर १९५६

तीर्थरूप देवराममामांच्या चरणी जावई विनायकचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या गुडघ्याला एरंडेलाने गुण आला असेल, सासूबाईंचा खोकला बसला असेल, असं धरून चालतो. आम्ही इथे खुशाल आहोत. माझी अब्रूही खुशाल आहे, आणि ती तुमच्या लेकीमुळे. आभार मानायलाच हे पत्र.

झालं असं, की एक तारखेला आमचं राज्य नव्याने जुळलं (राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली) म्हणून शाळेत समारंभ ठेवला. खंडव्याहून शिक्षणखात्याचे साहेब येणार होते. गणिताचा मास्तर म्हणून भाषण माझ्या गळ्यात. मी ठरवलं, राज्य मूळ संख्येसारखं असावं म्हणून सांगायचं; म्हणजे एक आणि स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारं. संख्या निवडली १०००००१. दोनपासून सत्त्याण्णवपर्यंत पंचवीसच्या पंचवीस मूळ संख्यांनी भागून पाहिलं, जाईना. शंभराशी हात टेकले आणि कापडावर गेरूने हातभर उंच आकडे रंगवून शाळेच्या दारावर चढवले.

समारंभाच्या सकाळी लीला भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, तिला एकशे एकने भाग जातो."

मी हसलो. मग पाटी घेतली. ९९०१ वेळा, बाकी शून्य! (मामा, सत्त्याण्णवनंतरची पुढचीच मूळ संख्या एकशे एक. एकच पायरी राहिली होती हो!) साहेब यायला तासभर. 

"शेवटच्या एकाचा तीन करा," लीला म्हणाली. "दहा लाख तीनला कशानेच जात नाही." पंधरा दिवस दुपारची भांडी झाली की ती हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी भागत बसली होती (हजाराचा वर्गच दहा लाख, म्हणून हजारापुढे पाहायची गरज नसते); शेवटचा भागाकार आदल्या दिवशी उरकला, तेव्हा कुठे बोलली. मी शिडीवर चढून तीन केला.

भाषण झालं. साहेबांनी विचारलं, "गुरुजी, एक सौ एक से देखा था?"

"जी, दो बचते हैं."

"और नौ सौ सत्तानवे से?"

मी मनातल्या मनात भागाकार मांडू लागलो. तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला, "बारा!"

सगळे वळले. मग मी खरं काय ते सांगून टाकलं. साहेब लीलाला हात जोडून म्हणाले, "बाईजी, शाहपुर की कन्याशाला में जगह खाली है."

लग्नात तुम्ही म्हणाला होतात, पोरीला आकड्यांचा नाद आहे, सांभाळून घ्या. मामा, त्या नादानेच मला सांभाळलं. तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही.

आपला,
विनायक

ता.क. नोकरीला सातवीचा दाखला लागतो. पुढे शिकायचा हट्ट धरील म्हणून तुम्ही तो पेटीत ठेवलात. हरवला असं कळवू नये. अखाजीच्या सणाला सासूबाईंनी तो मला दाखवलाय.

ता.क. दुसरं. लीलाने आत्ताच पत्र वाचलं. तिने आईला आधीच कळवलं होतं; दाखला सासूबाईंनी परवाच टपालाने धाडला, आज पोचला म्हणे. सोमवारपासून ती रुजू होते आहे. तेव्हा पेटी उघडायची तसदी घेऊ नये. सासूबाईंवर रागावू नये. आशीर्वाद तेवढे पाठवावेत.