मांडीवरचा घोट

३ नोव्हेंबर, पांढुर्णा
मी लोधीखेड्याहून जावयाच्या घरी आली, काखेत बोचकं, थाट राणीचा. मले अक्षर येत नाही. म्हणून नात प्रज्ञानं फोन दिला न् म्हणाली, आजी, यात बोलत जा, मी नागपुरात बसून लिहून घेईन. घ्या, म्हातारी रोजनिशीवाली झाली. घरात मी न् नातू सुमेध. जावई देवीदास दिवसभर कापसाच्या जिनिंगात. सुमेध तीस वर्षांचा, पण मान धरत नाही, बोलत नाही. माह्या नाकाले मात्र पाहून हसते.

५ नोव्हेंबर
प्रज्ञानं शिकवलं तसं भरवते. पाठीशी उशा, ताठ बसवून, हनुवटी खाली, घट्ट वरणभात, छोटा चमचा. पातळ काही नाही. त्याचा घोट वाट चुकते, फुप्फुसात उतरते, अन् त्याले ठसकाही येत नाही. दोनदा निमोनिया झाला. तिसरा झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. माही लेक कुसुम, त्याची माय, ऐकत नव्हती. मांडीवर आडवा घेऊन संत्र्याचा रस पाजायची. म्हणायची, मायच्या मांडीवर कोणी मरते का. उन्हाळ्यात तीच गेली.

९ नोव्हेंबर
बोलायले कोणी नाही. सुमेधशीच भांडते, जिंकते मीच. दुपारी कपडे वाळू घालून आली, तर खोलीत संत्र्याचा वास. घरात एक संत्रं नाही. उशा बाजूले पडलेल्या, तो आडवा, श्वास भिजल्यासारखा गुरगुर करून राहिला. देवीदास म्हणाला, आई, या दिवसांत अख्ख्या पांढुर्ण्याले हाच वास येते. उशी सरकली असन.

१२ नोव्हेंबर
उशा लुगड्यानं बांधल्या न् भाजीवाल्यापर्यंत गेली. आली तर गाठी सुटलेल्या. त्याच्या ओठावर पिवळा थेंब. तो हसून राहिला होता — माह्याकडे पाहून नाही.

१३ नोव्हेंबर
ताप. दवाखान्यात न्यायचं, देवीदास गाडी आणाले गेला. मी उंबऱ्यात बसून आहो. मागं वाटीत चमचा वाजला —

पलंगावर कुसुमची पाठ. मांडीवर त्याचं डोकं —

प्रज्ञा, खरं सांगते, आधी बरंच वाटलं. घरात कोणी तरी आलं —

त्याचा गळा बुडबुडते —

कुसुम, आडवं नोको पाजू, पोरी. उठव त्याले. मी पाठ धरते. चमचा मले दे — दे ना, माय — त्याची हनुवटी —