वाळवण

३ मार्च
शेंद्र्याला आले! सुलेखाताईंनी शब्द पाळला. देवगाव रंगारीत त्या आमच्या शेजारच्या. जीवशास्त्राची गोडी मला त्यांनीच लावली. आता त्यांच्या खाजगी प्रयोगशाळेत मी मदतनीस. राहायची खोली मागंच आहे. ताईंनी स्वतः चहा केला. म्हणाल्या, "करुणा, घरच्यासारखी राहा बरं."

६ मार्च
आज टाकीखालचं वाळकं शेवाळ खरवडून आणलं. पाण्यात भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर ती हलली! जलअस्वलं. आठ आखूड पाय, पायांना नख्या, चाल डुलत डुलत. पाणी आटलं की पाय आत ओढून पिंपासारखी गोल होतात. सगळं थांबतं, जिवंतपणाची खूणही उरत नाही. मग कित्येक वर्षांनी थेंब पडला तरी उठून चालू लागतात. मी जेवायचं विसरले.
ताई रोज सकाळी काढा देतात. उन्हानं त्रास होऊ नये म्हणून.

१५ मार्च
एवढं ऊन, पण मला तहान लागत नाही. बाटली भरलेलीच राहते. ताईंना सांगितलं, तर माझ्या मनगटाची कातडी चिमटीत धरून बघत बसल्या. छान, म्हणाल्या.
माझ्याआधी इथं सरिता नावाची मुलगी होती. लग्न होऊन गेली म्हणे.

२१ मार्च
बोटं सुरकुतलीत. झोपेत गुडघे पोटाशी येतात, सकाळी सरळ होत नाहीत. काढ्यात काय असतं, विचारलं. ताईंनी नुसता डोक्यावरून हात फिरवला.

२४ मार्च
ताई वाळूजला गेल्या. शेवाळ सुकवायची वाळवणखोली, एरवी कुलपात असते, आज उघडी राहिली होती. आत गरम हवा. फळीवर एक मुलगी, गुडघे छातीशी, चिपाडासारखी. गळ्यातल्या लॉकेटवर नाव — सरिता.
बाटलीतलं पाणी तिच्या ओठांवर ओतलं. ओठ फुगले. एक डोळा उघडला.
"पाणी नको," ती म्हणाली. "पुन्हा वाळवतील. लई दुखतं."

२५ मार्च
फाटकाला कुलूप. फोन ताईंनी काढून घेतला. ताईंनीच सांगून टाकलं: काढ्यात जलअस्वलांमधलं द्रव्य होतं — माणूस वाळवून ठेवता येतो का, ते बघायचंय त्यांना.
मीच का, विचारलं. शांतपणे म्हणाल्या, सरिताच्या घरचे शोधत आले, फार त्रास झाला. तुझी आई आधी मलाच विचारील.

बहुतेक २६
वाळवणखोलीत. दार बाहेरून बंद — डायरी ओढणीखाली आणली — बोटं वळत —
बाहेर माझा फोन वाजला. ताईंनीच उचलला. आईशी बोलतायत. करुणा मजेत आहे, म्हणतायत, कामात आहे —
ओरडतेय, आवाज कोरडा —
आई, मी इथं आ