हाफ-ट्रॅकवरचं कुंकू

बाबा, परवा तुमच्या हाफ-ट्रॅकला भेटून आले. तुमच्या नातीलाही नेलं होतं. तिने तुम्हाला फक्त फोटोत पाहिलंय. कॅल्गरीबाहेरची ती जुन्या लष्करी गाड्यांच्या संग्रहालयाची शेड आता ऐसपैस झालीय, आत हीटिंग आहे, वॉशरूमसुद्धा धड आहे. गाडी मात्र तशीच. पुढे ट्रकची दोन चाकं, मागे रणगाड्याचे पट्टे, आणि उघड्या पाठीवर ती रणगाडे फोडायची तोफ. "धड ट्रक नाही, धड रणगाडा नाही," म्हणायचात आणि स्वतःच हसायचात. तोफेचं तोंड वळवायचं लोखंडी चाक मी हळूच फिरवून पाहिलं. अजून अगदी अलगद फिरतं.

ते चाक तुमचं. तेलकंपनीत आयुष्यभर पाइपांची ड्रॉइंग काढून रिटायर झालात, आणि आई म्हणाली, "आता दिवसभर माझ्या पायात पायात येऊ नका." म्हणून तुम्ही दर शनिवारी ही गाडी दुरुस्त करायला शेडमध्ये जायला लागलात. तोफेचं मूळ चाक कधीच हरवलेलं. एका जुन्या फोटोवरून, बेसमेंटमध्ये बसून, तुम्ही त्याचं ड्रॉइंग काढलंत. जेवायला हाक मारली की "आलोच" म्हणायचं आणि अर्धा तास उठायचं नाही. गाडी दुसऱ्या महायुद्धातली, म्हणून त्या युद्धावरची लायब्ररीतली पुस्तकं एकेक करून संपवलीत. हायवेवर बर्फ असला की तुम्हाला सोडायला मी यायची. तेव्हा मी नोकरीला लागले होते, लग्न ठरत होतं, आणि शनिवार सकाळ वाया जाते म्हणून कुरकुरायची. आता वाटतं, आणखी शंभर शनिवार हवे होते. मी डोळे मिटते आणि तुम्ही ग्रीसने काळ्या झालेल्या हातांनी थर्मासमधला चहा ओतताय. ऑफिसातून येताना इतके खूश तुम्ही कधीच दिसला नाहीत.

मग ती खंडेनवमी. तुम्ही शेडच्या प्रमुखांना आधी रीतसर विचारलंत. आमच्याकडे या दिवशी हत्यारं आणि गाड्या पुसून पुजतात, आपण हिलाही पुजू का? म्हातारबोवा म्हणाले, जरूर, तिने ते कमावलंय. दारातला झेंडू थंडीने काळा पडलेला, म्हणून आईने ग्रोसरीतून पिवळी शेवंती आणली. गाडीत तुम्ही मला बजावलंत, "फक्त हळदकुंकू आणि फूल. बाकी काही नाही. कळलं ना?" मी "हो" म्हटलं. तेव्हा माझं लक्ष फोनमध्ये होतं.

तुम्ही तोफेला तेल देत होता. मी बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं आणि बोट थांबलंच नाही. घरात नवी गाडी आली की आई माझ्याकडूनच काढून घ्यायची, तसंच सवयीने काढलं. कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक, चार ठिपक्यांसकट. ज्या नाझींशी लढायला ती गाडी बनली, त्यांचंच चिन्ह तिच्या कपाळावर! आणि म्हातारबोवा कॉफीचे मग घेऊन आत आले. त्यांचा थोरला भाऊ त्याच युद्धात गेला, हॉलंडमध्ये पुरलाय. त्यांनी मग तिथेच जमिनीवर ठेवले. "हू डिड दिस?" ते एवढंच म्हणाले. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही शिडीवरून उतरलात आणि म्हणालात, "आय डिड, सर. आय ॲम सॉरी." खिशातल्या रुमालाने पुसलंत. कुंकू ते, आणखीच पसरलं.

परतीच्या वाटेवर मला वाटलं, आता बोलणी खाणार. तुम्ही एवढंच म्हणालात, "आईला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल." नंतर कितीतरी शनिवार तुम्ही गेलाच नाहीत. जाकीट घालायचात, दारापर्यंत जायचात आणि काढून ठेवायचात. ते बघताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, तरी मी म्हातारबोवांना फोन करून खरं सांगितलं नाही. शेवटी त्यांचाच आला. चाक अडकतंय, म्हणाले. तुम्ही जेवण अर्धं टाकून निघालात. पुढे शेडमधले सगळे त्या स्वस्तिकावरून तुमची गंमत करायचे आणि तुम्हीही हसायचात.

म्हातारबोवाही आता नाहीत. गोष्ट मात्र आहे. परवा गाडी दाखवणारा नवा पोरगा पाहुण्यांना रंगवून सांगत होता, एक इंडियन इंजिनियर होता, चाक सुंदर बनवलं, पण बॉनेटवर स्वस्तिक काढून ठेवलं, बिचाऱ्याला इतिहासाचा गंधच नव्हता. बाबा, तुम्हाला! सगळे हसले. लेक माझ्या कानाशी लागली, "वेट, दॅट वॉज आजोबा?" मी "हो" म्हटलं. "ही वॉज सो क्लूलेस, ना?" तिने विचारलं, आणि मी त्यालाही "हो" म्हणाले. वर हसलेसुद्धा.

घरी आल्यापासून तिला खरं सांगायचं म्हणतेय. त्याऐवजी हे लिहीत बसले, आणि तेही मराठीत, कारण मराठी तिला वाचता येत नाही.