मनगटावरची रेघ

क्रुशेवो, १७ ऑक्टोबर १९९३

चि. बिल्यानास दादाचे अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद लिहिले खरे, पण तुझा कान धरायला हात शिवशिवतायत. कालिना काल वसतिगृहातून घरी आली ती तोंड पाडूनच. गणितात तीन! सहापैकी तीन! आणि दिले कोणी, तर सख्ख्या आत्यानं! अगं, त्या अंधशाळेत सहाच्या खाली कुणाला काही मिळत नाही. तुझ्या आधीच्या बाई म्हणायच्या की देवानं डोळे दिले नाहीत, आपण निदान गुण तरी द्यावेत. केवढं मन त्या बाईचं! आणि तू नोकरीला लागून महिना झाला नाही तोच पोरीला रडवलंस.

ती पुढं मालिश शिकेल. तिथली सगळी मुलं तेच शिकतात आणि मानानं कमावतात. गणित काय चाटायचंय?

वहिनीनं भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीची बरणी पाठवली आहे. मी नको म्हणत होतो, पण माझं ऐकतंय कोण!

रागावलेला, तरी तुझाच,
दादा

स्विश्तोव, २४ ऑक्टोबर १९९३

ती. दादास सा. न. वि. वि.

चटणी फस्त झाली. वहिनीला सांग, तुझ्यापेक्षा तीच माझी सख्खी.

दादा, पहिल्या दिवशी मी सातवीच्या वर्गाला साधी वजाबाकी घातली, तर सगळी मुलं हाताची घडी घालून गप्प बसली. मी उत्तर सांगायचं, त्यांनी ते म्हणायचं आणि मी सहा द्यायचे, अशी इथली रीत. मला तर धडकीच भरली. कालिनाचं काम तीन गुणांचं होतं, म्हणून तीन दिले. घरी रडली ना? सोमवारी शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी होती. चार मिळवायला काय करावं लागतं, असं विचारत होती. या शाळेत हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता रे!

आता आपलं खरं भांडण कशावरून होणार ते स्पष्टच सांगते. जूनमध्ये गाब्रोवोच्या गणिताच्या हायस्कूलची प्रवेशपरीक्षा आहे, तिला मी तिथं बसवणार. तुझी सही लागेल. ईस्टरपर्यंत तिचं काम बघ, नाही म्हणायचं असेल तर त्यानंतर म्हण.

शिव्या दे, पण पत्र बंद करू नकोस.
तुझी बिल्याना

स्विश्तोव, ११ मार्च १९९४

ती. दादास सा. न. वि. वि.

आज जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. त्रिकोणाचे तिन्ही कोन मिळून एक सरळ रेघ होते, हे मुलांना सिद्ध करायला दिलं होतं. आमचा त्रिकोण बुचाच्या फळीवर टाचण्या आणि दोरा लावून होतो. मी काही सुचवलं नव्हतं. कालिना बराच वेळ नुसती बोटं फिरवत होती. मग एक तारखेला वहिनीनं वसंताचा शकुन म्हणून बांधलेला लाल-पांढरा दोरा तिनं मनगटावरून सोडला आणि त्रिकोणाच्या टोकावरून आडवा, खालच्या बाजूला समांतर असा ताणून बसवला. ती रेघ सुचली की सगळं सुटतं. मला ती पुस्तकात बघावी लागली होती!

आनंद लपवायला मी उगाच रागावले की वसंतातला पहिला करकोचा दिसायच्या आधी दोरा सोडायचा नसतो. ती म्हणाली की करकोचा आल्याचं तिला दरवर्षी दुसरंच कुणीतरी सांगतं, ही रेघ मात्र तिची तिला सापडली.

दादा, ही आपल्या घरातली पोर आहे. मला अजून खरं वाटत नाही.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
बिल्याना

क्रुशेवो, २६ जून १९९४

चि. बिल्यानास अनेक उत्तम आशीर्वाद.

निकाल लागला. सव्वापाच! प्रवेश मिळाला! आई शेजारणींना चीजची बनित्सा वाटत सुटली आहे.

ईस्टरला मी मुकाट्यानं सही केली, त्याचं कारण तुला सांगितलं नव्हतं. कालिनानं मला डोळे मिटायला लावले आणि शाळेतून आणलेल्या त्या त्रिकोणाच्या फळीवर माझं बोट ठेवलं. दुसऱ्या कोपऱ्यातच मी हरवलो. तिनं माझं बोट धरलं आणि वाट दाखवत नेलं. इतकी वर्षं मी तिला हाताला धरून फिरवलं गं, आणि ती कुठं कुठं एकटीच जाऊन आली होती, याचा मला पत्ताच नव्हता.

आता खरी गोष्ट ऐक. पाऊण गुण कुठं गेला म्हणून तिला विचारलं, तर गुणाकारात! सात आठे चोपन्न! माझं डोकंच फिरलं. गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो, की एवढी मोठी हुशार आणि पाढे येत नाहीत, लक्ष कुठं होतं, लाज नाही वाटत? वहिनी धावत आली. मीही घाबरलो, वाटलं आता रडणार.

तर कार्टी हसायलाच लागली, आणि थांबेचना. मग माझ्या गळ्यात पडून म्हणाली की शेजारचे काका त्यांच्या डोळस पोरांना असंच ओरडतात, आणि बाबा तिला आज पहिल्यांदा ओरडले.

रडलो मीच. सुट्टीत ये आणि तिचे पाढे घे. कच्चे निघाले तर चांगली खरडपट्टी काढ, माझी आडकाठी नाही.

तुझाच,
दादा