हाताचा गुण

रेवदंडा, आश्विन, १९३४

चि. त्र्यंबक यास अनेक आशीर्वाद.

"मुलीला झाडपाला शिकवू नकोस, ताबडतोब परत पाठव," असं तू कळवलंस, म्हणून हे लिहायला बसले. टपालात टाकणार नाही. तुला दोन ओळींचं वेगळं उत्तर गेलं आहे.

तुझा हुकूम उशिरा पोचला. कोकिळेला मी आधीच शिकवलं होतं. आपल्या घरची रीत तू विसरलास. ज्याला शिकवलं त्यानेच औषध द्यायचं; शिकवणाऱ्याच्या हाताचा गुण संपतो. कॉलेजात शिकलेली मी हे मानत नाही, पण गाव मानतं. कोळीवाड्यातली सखुबाई मैनेला, आपल्या लेकीला, कावीळ झाली म्हणून घेऊन आली. मी उठले, तर म्हणाली, "तू बस गो बाय, तुज्या हाताला आता गुन न्हाय. पोरीला उठव." तुझ्या मुलीने भुईआवळी ओळखून आणली, वाटली, ताकातून दिली. मैनेचे डोळे निवळले.

आता कोकिळा गेल्यावर गावाने कुणाकडे जायचं? तुझ्याशी भांडायचं त्राण मला उरलेलं नाही. मुलगी तुझी आहे, उद्याच्या बोटीने येईल. काल मी तिला एवढंच विचारलं, "मैनेला शिकवशील?"

"मग माझा गुण जाईल ना, आत्या?"

"जाईल."

ती रडली. मग तोंड धुऊन कोळीवाड्यात गेली. तुला हवी तशीच, रिकाम्या हातांनी येते आहे.

आज सकाळी कोकिळेने मैनेला दिलं ते असं: काविळीला भुईआवळी, पानांखाली फळं असतील तीच, खोकल्याला अडुळसा, सुजेला निरगुडी, आणि माझा दगडी खल.

तुझी अक्का